लहान जमिनी आणि डिजिटल शेती: गाडं नेमकं कुठे अडतं?

शिवारवेध

नमस्कार. एका शेतकरी गटासाठी डिजिटल शेतीचा प्रस्ताव तयार करायचं काम चालू आहे. गटात साधारण ४०० कुटुंबं. सरासरी जमीन १ हेक्टरच्या आत, तीही दोन-तीन तुकड्यांत विखुरलेली. बरीचशी भारी काळी, थोडी मुरमाड. निम्मं क्षेत्र कोरडवाहू, बाकीच्याला विहीर-बोअरचं पाणी. साधा फोन बहुतेकांकडे आहे, स्मार्टफोन घरटी एखादा.

प्रस्तावात सध्या ओलाव्याचे ४० सेन्सर, ३ स्वयंचलित हवामान केंद्रं, उपग्रहावरून दर आठवड्याला पीक-आरोग्याचा नकाशा आणि हे सगळं दाखवणारं एक अ‍ॅप आहे. निधी दोन वर्षांचा.

विकसनशील देशांतल्या अशा प्रकल्पांचे अहवाल वाचले की अडथळ्यांची यादी ठरलेली असते: साक्षरता कमी, इंटरनेट कमी, भांडवल कमी, जागरूकता कमी. उपायही ठरलेला, प्रशिक्षण. ते वाचून प्रस्तावात काय बदलायचं हे काही कळत नाही. म्हणून थेट विचारतो.

१. यंत्रं शेतात प्रत्यक्षात कशाने बंद पडतात?
२. एवढ्याशा तुकड्यांवर उपग्रहाच्या नकाशावर कितपत विसंबावं?
३. अ‍ॅप करावं की फोनवरून आवाजी सल्ला?
४. या सगळ्यातून कोण सुटतं, आणि निधी संपल्यावर काय उरतं?

---

तारजोडणी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. सेन्सर स्वतः क्वचित जळतो, घोळ होतो तो त्याच्या आजूबाजूला.

स्वस्तातले ओलाव्याचे सेन्सर बहुतेक कपॅसिटिव्ह असतात. ते पाणी थेट मोजत नाहीत. मातीचा विद्युत गुणधर्म मोजून त्यावरून पाण्याचा अंदाज देतात, आणि तोही पात्याला चिकटलेल्या काही सेंटिमीटर मातीपुरता. पातं आणि माती यांच्यात एक मिलिमीटरची पोकळी राहिली तरी आकडा धाडकन खाली येतो. भारी काळ्या जमिनीत ही पोकळी आपोआप होते, कारण माती सुकताना आकसते आणि भेग नेमकी पात्याच्या कडेने पडते. भेगेत हवा आहे तोवर सेन्सर रान कोरडं दाखवतो. पाणी दिलं की ते भेगेतून सरळ खाली उतरतं आणि सेन्सर रान भिजल्याचं दाखवतो, मुळांपाशी मात्र ओल पोचलेलीच नसते. शेतकरी फावड्याने दोन वीत उकरून बघतो, आकडा खोटा निघतो, आणि त्या दिवसापासून त्या यंत्राकडे कोणी बघत नाही.

बसवायची पद्धत अशी. पात्यापेक्षा थोड्या बारीक गिरमिटाने उभं नाही, तिरकं भोक पाडा, म्हणजे पाणी दांड्याच्या कडेने थेट सेन्सरवर उतरणार नाही. त्याच खोलीची माती चाळून, पाण्यात दाट कालवून भोकात ओता आणि मग पातं रेटा. दोन खोल्या हव्यात, १५-२० सेंमी आणि ४०-४५ सेंमी. ठिबक असेल तर ड्रिपरपासून १०-१५ सेंमीवर. दर हंगामाला उपसून पुन्हा बसवा. एकदा पुरला की झालं, असं काळ्या जमिनीत होत नाही. उघड्या सर्किटपट्टीचे सेन्सर घेतले असतील तर पट्टीच्या कडा आधी इपॉक्सीने बुजवा, नाहीतर पाणी कडेतून आत शिरतं आणि आकडा हळूहळू वर सरकत जातो. खत ठिबकातून सोडलं की क्षारांमुळेही आकडा वर जातो. त्या दिवशीचं वाचन धरू नका.

दुसरी गोष्ट कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचा आकडा खऱ्या ओलाव्याशी जुळवून घेणं. कारखान्यातलं कॅलिब्रेशन सहसा मध्यम पोताच्या मातीवर केलेलं असतं, चिकणमातीत ते चालत नाही. करणं अवघड नाही. १०० घनसेंमीच्या धातूच्या कड्याने सेन्सरशेजारची माती न दाबता काढा, वजन करा, १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये सुकवा, पुन्हा वजन करा. ओली माती १७२ ग्रॅम, सुकी १३६ ग्रॅम, म्हणजे ३६ ग्रॅम पाणी, म्हणजे घनफळाने ३६ टक्के. त्याच वेळी सेन्सर ४८ दाखवत असेल तर फरक समोर आहे. ओल्यापासून कोरड्यापर्यंत चार टप्प्यांवर हे करून रेषा काढा. प्रत्येक मातीप्रकाराला एकदा पुरे, प्रत्येक शेताला नको.

टेन्शिओमीटर, म्हणजे माती पाणी किती ओढीने धरून आहे ते मोजणारी पाण्याने भरलेली नळी, सुचवणारेही भेटतील. मुरमाड-पोयट्याच्या जमिनीत तो उत्तम, पण ८० किलोपास्कलच्या आसपास त्यातला पाण्याचा स्तंभ तुटतो. भारी जमिनीत पिकाला मिळू शकणारं बरंच पाणी त्याच्या पलीकडे असतं. तिथे २०० किलोपास्कलपर्यंत वाचणारा जिप्सम-मॅट्रिक्स प्रकारचा सेन्सर बरा.

आता संपर्क. सेन्सरला जोडलेलं २जी मोड्यूल (मोबाइलच्या जाळ्याशी बोलणारा भाग) माहिती पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. वायर बारीक असेल किंवा बॅटरी दमलेली असेल तर व्होल्टेज कोसळतं, मोड्यूल रीसेट होतं, पुन्हा प्रयत्न करतं, पुन्हा कोसळतं. या चकरेत बॅटरी दोन-तीन दिवसांत रिकामी. रोजच्या भाषेत याला ‘रेंज नाही’ म्हणतात. मोड्यूलच्या पायाशी १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर आणि जाड, आखूड वायर एवढ्याने बहुतेक वेळा भागतं. शिवाय २जी जाळी हळूहळू बंद होत आहेत आणि काही कंपन्यांकडे ती पहिल्यापासूनच नाहीत, त्यामुळे आज घ्यायचं तर ४जी घ्या. नोडमध्ये, म्हणजे सेन्सर, बॅटरी आणि मोड्यूल मिळून शेतात जो संच बसतो त्यात, ३० दिवसांची वाचनं साठतील एवढी जागा मागा. दर १५ मिनिटांनी वाचन म्हणजे दिवसाला ९६, महिन्याला २,८८०. एकेक ३२ बाइटचं धरलं तरी ९० किलोबाइट. एवढी मेमरी न देणाऱ्या विक्रेत्याला दुसरं काही विचारायची गरज नाही.

लोरा (कमी विजेवर लांब पोचणारा रेडिओ) वापरणार असाल तर अँटेनाची उंची पीक पूर्ण वाढल्यावरची धरा. पेरणीच्या वेळी दीड मीटर पाइपवर बसवलेल्या नोडचा सिग्नल छान येतो. मका किंवा ऊस अडीच-तीन मीटरला गेला की पानांतलं पाणी सिग्नल खातं आणि ऐन गरजेच्या महिन्यात नोड गप्प होतो. ४ मीटरचा पाइप, सगळ्या नोडचे सिग्नल गोळा करणारा गेटवे १०-१५ मीटर उंचीवर.

पर्जन्यमापकाचं थोडक्यात. टिपिंग बकेटच्या (आतली छोटी बादली भरली की उलटते आणि एक टिप मोजली जाते) नरसाळ्यात कोळी जाळं करतो, मुंग्या घर करतात, आणि केंद्र भर पावसात शून्य नोंदवतं. बिघाड लक्षातही येत नाही, कारण शून्य हा पावसाचा खरा आकडा असू शकतो. तपासणी सोपी आहे. नरसाळ्याचं तोंड २०० चौसेंमी आणि एक टिप ०.२ मिमीची असेल तर टिपेला ४ मिली पाणी लागतं. ४०० मिली पाणी बुडाला बारीक भोक पाडलेल्या बाटलीतून अर्ध्या-पाऊण तासात ठिबकू द्या, १०० टिप यायला हव्यात. ९५ ते १०५ च्या बाहेर गेलं तर स्क्रू फिरवा. भराभर ओतलं तर बकेट उलटताना पाणी निसटतं आणि टिप कमी भरतात, तो दोष यंत्राचा नव्हे.

---

आकाशदर्शी

दुसरा प्रश्न. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या मोफत मिळणाऱ्या चित्रात एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटरचा. ४० × ५० मीटरचा तुकडा धरा, म्हणजे २० गुंठे. त्यात जास्तीत जास्त २० पिक्सेल बसतात, तेही शेताच्या कडा पिक्सेलच्या रेघांशी जुळल्या तर. कडेच्या पिक्सेलमध्ये बांध, झाडं, शेजारचं पीक मिसळलेलं असतं म्हणून ते सोडावे लागतात. आत उरतात ६. शेत तिरकं असेल तर त्याहूनही कमी. या सहा पिक्सेलवरून शेताच्या कोणत्या कोपऱ्यात नत्र कमी आहे हे सांगणारा रंगीत नकाशा काढणं म्हणजे निव्वळ रंगरंगोटी. जगातल्या ६० कोटींहून जास्त शेतांपैकी ८४ टक्के २ हेक्टरच्या आतली आहेत, तेव्हा ही अडचण काही अपवादाची नाही.

शेताची हद्द फोनवरून नोंदवणार असाल तर तिथेही सांभाळा. फोनचा जीपीएस मोकळ्या आभाळाखाली ३ ते ५ मीटर इकडेतिकडे करतो. वरच्याच तुकड्यात चारी बाजूंनी ३ मीटर बाहेर चूक झाली तर क्षेत्र २,००० चौमीटरऐवजी २,५७६ भरतं, आत झाली तर १,४९६. प्रत्यक्षात सगळ्या चुका एकाच दिशेला जात नाहीत, पण खताची मात्रा किंवा विम्याचं क्षेत्र या आकड्यावर ठरणार असेल तर एवढी शक्यताही जड आहे. चालत फिरून हद्द नोंदवण्यापेक्षा ठळक उपग्रहचित्रावर शेतकऱ्याला शेजारी बसवून बोटाने कोपरे दाखवून घेणं बरं.

ढगांचं वेगळंच. दोन उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी चित्र येतं हे कागदावर. पावसाळी पिकाला ऐन वाढीच्या काळात कित्येक आठवडे एकही स्वच्छ चित्र मिळत नाही, आणि मग ‘दर आठवड्याला नकाशा’ या शब्दापोटी विक्रेता जुन्या चित्रावरून मधले आकडे भरतो. करारात विचारा: नकाशावर मूळ चित्राची तारीख छापणार का? सेंटिनेल-१ चं रडार ढगांतून बघतं, भातखाचरात पाणी कधी भरलं, कापणी कुठे झाली यासाठी ते चांगलं. पण त्यात दाणेदार गोंगाट असतो, बरेच पिक्सेल एकत्र करून सरासरी घ्यावी लागते, म्हणजे लहान शेताला पुन्हा तोच त्रास.

शिवाय एनडीव्हीआय (पीक-आरोग्याचे नकाशे ज्यावर काढतात तो निर्देशांक) हिरवेपणा सांगतो, कारण सांगत नाही. तणही हिरवंच. आंतरपीक असेल तर ते कोणतं पीक हेसुद्धा नीट ओळखता येत नाही.

मग वापर कशाला? एकाच पिकाची, एकाच आठवड्यात पेरलेली शेतं एकमेकांशी ताडून बघा. तळातला दहावा हिस्सा निवडा आणि तिथे माणूस पाठवा. ४०० शेतं चालत बघणं होत नाही, ४० होतं. एवढंच काम त्याला द्या, ते तो नीट करतो.

---

शिवारवेध

दोघांचेही आभार, प्रस्तावातली निम्मी पानं आत्ताच गेली. रोगाचा फोटो काढून निदान देणारं अ‍ॅप ठेवावं का? निधी देणाऱ्यांना ते फार आवडतं.

---

बांधावरून

फोटोवरून निदान करणाऱ्या मॉडेलबद्दल एक जुनं पण महत्त्वाचं उदाहरण. २०१६ साली प्लँटव्हिलेज या पानांच्या फोटोंच्या खुल्या संचातल्या ५४,३०६ फोटोंवर मॉडेल शिकवलं गेलं, १४ पिकं, २६ रोग. त्याच संचातल्या राखून ठेवलेल्या फोटोंवर अचूकता ९९.३५ टक्के. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर तीच ३१ टक्क्यांच्या आसपास आली. कारण सरळ आहे: शिकवताना एकच पान, मागे साधी पार्श्वभूमी, शेतात मात्र सावली, ऊन, धूळ, एका पानावर दोन रोग आणि वर मॅग्नेशियमची कमतरता. त्यानंतर मॉडेलं सुधारली, तरी विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच टाका: अचूकता कोणत्या फोटोंवर मोजली? कसाव्यासाठीचं (साबुदाण्याचा कंद) नुरू हे अ‍ॅप शेतातल्याच फोटोंवर शिकवलेलं आहे आणि इंटरनेटशिवाय फोनमध्येच निदान करतं. मोजकी पिकं, मोजके रोग, ऑफलाइन. घ्यायचंच तर या वळणाचं घ्या.

आणि फोटो माणसाकडे जाणार असेल तर तीन मागा: पूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, आणि शेतात तो भाग कसा पसरलाय ते लांबून. तिसरा फोटो लोक विसरतात आणि निदान बऱ्याचदा त्यातच असतं. पट्ट्यापट्ट्याने पिवळं पडलं असेल तर फवारणीत किंवा खत पेरण्यात चूक, सखल भागात असेल तर पाणी साचलंय, तुरळक गोलाकार वाढत असेल तर रोग. भर दुपारच्या उन्हात नको, पानावर स्वतःची सावली पाडून काढा.

तिसरा प्रश्न. घरटी एक स्मार्टफोन म्हणता, पण तो दिवसभर कोणाच्या खिशात असतो? आवाजी कॉलच करा. इथिओपियात ८०२८ या क्रमांकाची आवाजी सेवा २०१४ पासून आहे, तिला बटणांचा फोन पुरतो. उभारताना या गोष्टी सांभाळा:

– नोंदणीच्या वेळीच सेवेचा क्रमांक फोनमध्ये नाव घालून सेव्ह करून द्या. फसवणुकीच्या कॉलमुळे अनोळखी नंबर आता कोणी उचलत नाही.
– संदेश दीड मिनिटाच्या आत. मेनूत तीनपेक्षा जास्त पर्याय नकोत, चौथा ऐकेपर्यंत पहिला विसरतो.
– उलट प्रश्न विचारायला मिस कॉलची सोय द्या, कॉलचा खर्च शेतकऱ्यावर नको.
– पेरणीची तारीख नोंदवा. तारखेशिवाय पाठवलेला सल्ला निम्म्या गटाला उशिरा आणि निम्म्याला लवकर पोचतो.

लघुसंदेश पाठवणार असाल तर रोमन लिपीत एका संदेशाला १६० अक्षरं मिळतात, देवनागरी, बंगाली, अम्हारिक अशा लिप्यांत ७०. लांब संदेश तुकड्यांनी जातो, तिथे तर तुकड्याला ६७च. दोन वाक्यांचा सल्ला तीन तुकडे होऊन पोचतो, कधी उलटसुलट क्रमाने, आणि काही साध्या फोनवर नुसते चौकोन दिसतात.

मात्रेचं तर हमखास चुकतं. ‘हेक्टरी ५०० लिटर पाण्यातून २५० मिली’ असं सांगून उपयोग नाही, फवारणारा पंपाने मोजतो. लिटरला अर्धा मिली, १६ लिटरच्या पंपाला ८ मिली. हे भागाकार संदेश लिहिणाऱ्याने करायचे. ड्रोनचं नाव कोणी काढलं तर हेच गणित उलटं लागतं: पाठीवरच्या पंपाने एकरी १५०-२०० लिटर पाणी जातं, ड्रोनने ८-१० लिटर. औषध तेवढंच, म्हणजे द्रावण पंधरा-वीस पट तीव्र, आणि वाऱ्याने शेजारच्या पिकावर गेलं की भांडण. ड्रोनसाठी मंजूर असलेलं औषधच वापरायचं.

हवामान केंद्रांबद्दल तारजोडणी यांनी लिहिलंच आहे. माझ्या मते तीनही केंद्रांची गरज तपासा. अंदाजाची जागतिक मॉडेलं साधारण ६ ते २५ किलोमीटरच्या चौकटीत विचार करतात, वळवाचा पाऊस दोन-तीन किलोमीटरवर बदलतो. तुमच्या केंद्राने अंदाज काही सुधारत नाही, झालेला पाऊस तेवढा कळतो. २०२५ च्या पावसाळ्याआधी भारतात १३ राज्यांतल्या ३.८ कोटी शेतकऱ्यांना मान्सूनच्या आगमनाचा अंदाज लघुसंदेशाने पाठवला गेला. शेतात एकही यंत्र न बसवता.

---

हिशेबनीस

वरचं सगळं पटतंय, तरी मूळ अडथळा वेगळ्याच जागी आहे असं वाटतं. समजा यंत्र चाललं, सल्ला अचूक आला, वेळेवर पोचला. पुढे?

फाब्रेगास, क्रेमर आणि शिलबाक या अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये आफ्रिका आणि भारतातले फोनवरच्या सल्ल्याचे प्रयोग एकत्र तपासले. उत्पादनात सरासरी ४ टक्के वाढ, आणि शिफारस केलेली निविष्ठा (बियाणं, खत वगैरे) वापरण्याची शक्यता, ऑड्सच्या (होण्या-न होण्याच्या गुणोत्तराच्या) हिशेबाने, २२ टक्क्यांनी जास्त. एका फोन कॉलच्या खर्चात ४ टक्के म्हणजे सार्वजनिक पैशासाठी उत्तम सौदा. पण शेतकऱ्याच्या बाजूने बघा. पावसाच्या लहरीने त्याचं उत्पादन वर्षागणिक याच्या कितीतरी पट खालीवर होतं. त्यात हे ४ टक्के त्याला दिसणारच नाहीत. जे दिसत नाही त्याची वर्गणी तो का भरेल? ‘दोन वर्षांनी शेतकरी स्वतः पैसे देतील’ हे वाक्य ज्या प्रस्तावात असतं त्याचं तिसरं वर्ष सहसा येत नाही, आणि दोष शेतकऱ्याच्या जागरूकतेवर ढकलला जातो.

याच्या उलट मोबाइलवरून मोटर चालू-बंद करणारा स्टार्टर बघा. भारतात तो कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय पसरला. रात्री-अपरात्री वीज आली की विहिरीवर जायची पायपीट पहिल्याच रात्री वाचते, एक फेज गेला किंवा पाणी संपलं की मोटर जळायची वाचते, आणि बिघडला तर मोटर रिवाइंड करणाराच दुरुस्त करतो. हे तीन निकष घेऊन तुमच्या प्रस्तावातली एकेक ओळ तपासा.

बाजारभावाची माहिती देणारे प्रकल्प असेच. नायजरमध्ये मोबाइल आल्यावर बाजाराबाजारांतली धान्याच्या भावातली तफावत १० ते १६ टक्क्यांनी घटली, हे अर्थतज्ज्ञ जेनी एकर यांनी २०१० मध्ये मांडलं. पण महाराष्ट्रातल्या १०० गावांत रॉयटर्स मार्केट लाइटची भाव-हवामान सेवा शेतकऱ्यांना वर्षभर फुकट देऊन बघितली तेव्हा त्यांना मिळालेल्या भावात लक्षणीय फरक आढळला नाही. हा अभ्यास फाफशाँ आणि मिंटन यांचा, २०१२ चा. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तफावत कमी करायला व्यापाऱ्याने फोन वापरला तरी पुरतं. शेतकऱ्याला भाव कळून उपयोग व्हायचा तर माल दुसरीकडे न्यायला गाडी भरण्याइतका हवा, थांबायला साठवण हवी, आणि ज्याच्याकडून उचल घेतली त्यालाच माल घालायचं बंधन नको.

चौथा प्रश्न, कोण सुटतं. नोंदणीला जमिनीचा उतारा मागितलात की बटाईने कसणारे सुटले. बऱ्याच ठिकाणी जमीन अजून आजोबांच्या नावावर असते, वाटण्या तोंडी झालेल्या, मग एका खात्यावर चार चुली आणि सल्ला एकालाच. ओळखीसाठी उतारा, सल्ल्यासाठी कसणारा, अशा दोन नोंदी वेगळ्या ठेवा. पेरणी, निंदणी, बियाणं राखणं बाईकडे आणि नोंदवलेला नंबर नवऱ्याचा, हेही सर्रास. घरटी दोन नंबर घ्या आणि कॉलची वेळ तिला विचारून ठरवा.

---

तारजोडणी

हिशेबनीस यांच्या ‘दुरुस्त कोण करणार’ या मुद्द्याला जोडून, करारात घालायच्या गोष्टी:

माहिती कोणत्या सर्व्हरवर जाते तो पत्ता खरेदीदाराला बदलता आला पाहिजे. विक्रेत्याने सेवा बंद केली की पत्ता बदलता न येणारा नोड त्या दिवशी मेला, मग तो कितीही धडधाकट असो. सगळी वाचनं सीएसव्हीमध्ये (कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी फाइल) कधीही उतरवता यावीत. उपकरणाचे पासवर्ड गटाकडे असावेत. सौर पॅनेल, बॅटरी, कनेक्टर हे बाजारात मिळणाऱ्या मापाचेच हवेत. बंद साच्यातली खास बॅटरी असेल तर ती बाद. शेतकऱ्याची माहिती औषध-बियाणं कंपनीला किंवा कर्ज देणाऱ्याला द्यायची तर प्रत्येक वेळी वेगळी परवानगी. सुरुवातीच्या एका सहीत सगळं नको.

खोकं आयपी६५ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) असलं तरी केबल वरून आत घेतली की पाणी शिरतं. केबल खालूनच घ्या, आत शिरण्याआधी तिला एक झोळ द्या. उंदीर केबल कुरतडतात, जमिनीपासून अर्धा मीटर तरी लोखंडी नळीतून न्या. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) असावी. साधी लिथियम-आयन ४५ अंशांवर चार्ज करणं तिला मानवत नाही आणि उन्हातल्या बंद खोक्यात तेवढं तापमान सहज होतं.

दर दहा नोडमागे दोन पूर्ण नोड कपाटात तयार हवेत. शेतात दुरुस्ती करत बसायचं नाही; नोड बदलायचा, बिघडलेला टेबलावर आणायचा. या कामाला गटातलाच मुलगा-मुलगी पगारावर ठेवा आणि तो पगार यंत्रखरेदीच्या आधी बाजूला काढा.

---

शिवारवेध

नवा आराखडा असा बनतोय: ४० ऐवजी ८ सेन्सर, फक्त बागायती क्षेत्रात, हवामान केंद्र एक, उपग्रह फक्त तळातली शेतं शोधायला, आवाजी कॉल सगळ्यांना, अ‍ॅप नाही. पण ८ सेन्सरवरून ४०० कुटुंबांना काय सांगणार, हा प्रश्न निधी देणारे विचारतीलच.

---

बांधावरून

सेन्सर शेतासाठी न लावता मातीप्रकार आणि पीक यांच्या जोडीसाठी लावा. भारी जमिनीतला कांदा, मुरमाडातला कांदा, भारीतला हरभरा, अशा चार जोड्या, प्रत्येकीला दोन सेन्सर. दोन यासाठी की एक बिघडला तर आकड्यांतल्या फरकावरून कळतं. सल्ला ‘तुमच्या शेतात ओलावा २८ टक्के’ असा द्यायचाच नाही. ‘भारी जमिनीत अमुक आठवड्यात लावलेल्या कांद्याला अजून तीन दिवस पाणी नको, खात्रीला एक वीतभर उकरून मूठ वळून बघा’ असा द्यायचा. मुठीची परीक्षा प्रत्येकाच्या हातात आहे, सेन्सरचा आकडा तिला धरून असला की विश्वास आपोआप बसतो.

कोरडवाहूवाल्यांना सेन्सरचा उपयोग नाही हे प्रस्तावात स्पष्ट लिहा. पाणी द्यायचंच नाही तर ओलावा कळून करायचं काय? त्यांच्यासाठी पेरणीच्या आधीचा पावसाचा अंदाज आणि खताचा दुसरा हप्ता पावसाशी जुळवणं, एवढे दोनच कॉल हंगामात नेमके पोचवा.

---

आकाशदर्शी

+१. आणि तळातल्या दहाव्या हिश्शात गेलेल्या माणसाने काय सापडलं ते नोंदवायला पाच पर्याय पुरेत: पाणी साचलं, पाणी कमी, तण, कीड-रोग, उशिरा पेरणी. सहावा ‘काहीच नाही’. हा सहावा पर्याय किती वेळा येतो त्यावरून नकाशाची लायकी कळेल. दहात चारपेक्षा जास्त वेळा आला तर पुढच्या हंगामात उपग्रहाचे पैसे वाचवा.

---

तारजोडणी

हंगाम संपल्यावर ते आठ नोड रानात सोडू नका. नांगराखाली जातात किंवा चोरीला. काढा, पात्यांवरची माती पाण्याने धुवा, खरवडू नका. बॅटरी अर्धवट चार्ज करून सोडवून ठेवा, पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी नको. सिमचं रिचार्ज मात्र बंद करू नका. काही महिने वापराविना राहिलं की नंबर रद्द होतो, आणि पेरणीच्या आठवड्यात आठ नवी सिमं चालू करत बसावं लागतं.